मामांच्या शेजारची जागा

१

सकाळी उठले की मी आधी खिडकी उघडते, मग दूध तापत ठेवते, आणि ते वर येईपर्यंत खाली चौकात बघत उभी राहते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनची ही सवय. फरक इतकाच की हल्ली खाली चौकात आमचे हे बसलेले असतात. ब्राँझचे. नगरपालिकेने बसवलेत.

हे विनोद सांगायचे. तोच यांचा धंदा आणि तेच यांचं व्यसन. सगळं गाव यांना मामा म्हणायचं, म्हणून मी गावाची मामी. यांच्या कार्यक्रमात पुढारी नसायचे, नट-नट्या नसायच्या. स्टेजवर खुर्ची ओढून बसायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आज आमच्या घरी काय झालं माहितीये?" मग जे झालं असेल ते सांगायचे. सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं असेल, तर संध्याकाळी भरलेलं नाट्यगृह त्यावर पोट धरून हसलेलं असायचं. त्यात एक अक्षर खोटं नसायचं, हेच मोठं दुखणं. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुतळा करायचं ठरलं तेव्हा शिल्पकार घरी आला. फोटो बघितले. एकूण एक फोटोत यांचं तोंड उघडं. "कसे दाखवू?" म्हणाला. मी म्हटलं, "आयुष्यभर बोलले. आता जरा ऐकताना दाखवा." मला वाटलं, एवढ्या वर्षांत एक विनोद मीही करून घ्यावा. त्याला ती कल्पना भलतीच आवडली. म्हणून हे आता बाकावर जरा पुढे झुकून बसलेत, तोंड मिटलेलं, एक हात कानामागे धरलेला. कमी ऐकू येणारी माणसं धरतात तसा. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसावं म्हणून.

कान आमच्या खिडकीकडे आहे. ते काही मी सांगितलं नव्हतं. चौकात तीच बाजू सोयीची पडली, असं शिल्पकार म्हणाला.

२

पुतळा बसला आणि थोड्याच दिवसांनी लेक घरी आली. दोन मोठ्या बॅगा घेऊन. जावयाने वेगळं राहायचं ठरवलंय, एवढं चपला काढता काढता म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. चाळिशी उलटलेल्या लेकीला काय विचारायचं? मी चहा टाकला.

ती शाळेत असताना एकदा माझी साडी गुंडाळून आरशासमोर उभी होती. वर्गातल्या एका मुलाशी उद्या काय बोलायचं, त्याची तालीम चालली होती. त्याचं बोलणंही हीच बोलत होती, आवाज जाड करून. यांनी दाराआडून ते ऐकलं आणि संध्याकाळी सांगितलं. लोक खुर्च्यांवरून घसरले म्हणे. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जाईना. मग पाठवली, पण त्यानंतर ती यांच्यासमोर कामापुरतं बोलायची, आणि नोकरी लागली तशी जी लांब गेली ती गेलीच. सणासमारंभाला यायची, दोन दिवसांत परत जायची.

या वेळी जेवताना म्हणाली, "बाबा नाहीत म्हणून आले, आई. आता या घरात मोठ्याने रडलं तरी चालेल." हसून म्हणाली. पुतळा मात्र तिला बघवत नव्हता. चौक टाळून ती मागच्या जिन्याने, मागच्या गल्लीतून जायची-यायची.

दुपारी ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. एकदा मी टॉवेल द्यायला गेले आणि दाराशीच थबकले. आत ती बोलत होती. "हॅलो. हो, मीच. नाही, काही नाही, सहज केला होता." मग थांबून पुन्हा तेच, जरा हसऱ्या आवाजात. मग तेच घाईघाईने, कामात असल्यासारखं. "सहज म्हणजे, ते गॅसचं कार्ड तुझ्याकडे राहिलंय का, एवढंच." मग नळ बंद. मग खरा फोन. तिकडे वाजत राहिल्याचं बाहेर माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. त्याने उचलला नाही. मी टॉवेल घेऊन पाय न वाजवता परत फिरले. ऐकलं त्याची मला लाज वाटली.

३

चौकाच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे. माणूस सज्जन, कपडे जाळत नाही. त्याच्याकडे साड्या टाकायला गेले तर म्हणाला, "ठेवा मामी. घाई नाही ना? नाही, आपलं सहज विचारलं." आणि ओठ दाबून साडीच्या घड्या मोजायला लागला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला हसू आवरेना. मी वळून बघितलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "आणि गॅसचं कार्ड सापडलं का हो मामी?"

मी इस्त्रीवाल्याकडे वळले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे?" इस्त्रीवाल्याने खरोखरच विचार केला. "मघाशी मामांपाशी बसलो होतो जरा, पाय दुखत होते. तेव्हा आठवलं."

"काय आठवलं?"

"तेच की. ताई बाथरूममध्ये..." तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याला आत्ता उमगलं असावं. "वाईट मानू नका मामी. मामांच्या घरचं ते आमच्या घरचंच."

घरी आले आणि डोकं शांत ठेवून विचार केला. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्टमधून आवाज खालीवर जातो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून. झालं, उलगडलं. मी वहिनींच्या नावाने चार शब्द मनातल्या मनात बोलून घेतले आणि मला बरं वाटलं.

पण मग खिडकीत उभं राहायचा वेळ वाढला. कोणीतरी पिशव्या सांभाळत यायचं, दमून यांच्या शेजारी बसायचं. घाम पुसायचं, फोन बघायचं. मग फोन खाली यायचा आणि मान हळूहळू यांच्याकडे कलायची. थोड्या वेळाने खांदे हलायला लागायचे. डोळे पुसत माणूस उठायचं आणि जाता जाता आमच्या खिडकीकडे बघायचं. वाईट नजरेने एकानेही बघितलं नाही. मायेने बघायचे, घरच्यासारखे. तेच मला सोसत नव्हतं.

४

वहिनींची परीक्षा घ्यायची ठरवलं. लेक बाजारात गेली तशी मी सगळ्या खिडक्या लावल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि डक्टच्या झरोक्याला तोंड लावून खणखणीत आवाजात म्हटलं, "अगं बाई, माझी कवळी कुठे गेली?" मला कवळी नाही. दात सगळे माझे आहेत. कवळीची बातमी चौकात आली की चोर पकडला, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार गंभीर माणूस, कधी पाचकळपणा करणार नाही. गोळ्यांची पट्टी कागदी पिशवीत घालता घालता म्हणाला, "मामी, या वयात स्टुलावर चढू नका. आणि तोंडात सगळे दात असताना झरोक्याला कशाला फसवता?"

तो हसला. मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे घाबरले.

"हे मला कसं माहीत हो, मामी?" त्याने मलाच विचारलं.

"सकाळी कुठे बसला होतात?"

त्याने काचेच्या दारातून बाहेर बघितलं. समोरच बाक आहे. पैसेही मागायचे विसरला, मीच काउंटरवर ठेवले.

वहिनींनी ऐकलं असतं तर कवळी पसरली असती. पसरलं ते खरं होतं. म्हातारी स्टुलावर चढली आणि भिंतीशी खोटं बोलली. हे नेहमी खरंच सांगायचे.

५

मग मी घर गप्प करायला लागले. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. भांडी एकेक करून ठेवायला लागले. लेकीशी कुजबुजत बोलायचे, तर ती म्हणायची, "घसा बसलाय का तुझा?" शेवटी दुपारभर रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दूधवाला दारात माप ओतता ओतता म्हणाला, "मामी, तेवढा रेडिओ बारीक करा. मामांना काही ऐकू येत नाही."

मी पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. तो जिना उतरून गेलासुद्धा.

नगरपालिकेत गेले. साहेबांनी उठून खुर्ची दिली. म्हटलं, पुतळ्याचं तोंड दुसरीकडे करा. ते म्हणाले, पाया फोडावा लागेल, ठराव घ्यावा लागेल, कारण काय लिहू? ऐकतात म्हणून, असं कसं सांगणार?

"ऊन लागतं," मी म्हटलं.

"पुतळ्याला?"

सगळं ऑफिस हसलं. मामींनी मामांची गादी चालवली, असं कोणीतरी म्हणालं. साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. "तुम्ही स्वतः बसलात का कधी तिथे? बसून बघा. सगळे म्हणतात, फार बरं वाटतं."

बसले नव्हते. अनावरणालाही मी समोरच्या खुर्चीत बसले होते. त्या दिवशी घरी येताना मात्र जवळ गेले. ब्राँझ काळपट पडलंय, जिथे माणसांचे हात लागतात तिथे तेवढं चकाकतं. गुडघा चकाकत होता, लोक त्यावर हात ठेवून उठतात. आणि ओठ. पूर्ण नाहीत, दोन ओठ एकमेकांना जिथे टेकतात तेवढी कड पिवळीधमक होती. रोज वापरातल्या कडीसारखी.

चौक झाडणाऱ्या बाईला विचारलं, "तोंड घासतेस का यांचं?"

"नाही बाई. धूळ झटकते फक्त," ती म्हणाली. "लहान पोरं हात लावत असतील."

लहान पोरं म्हटल्यावर मीही मान डोलावली. घरी पोचेपर्यंत ते मला पटलेलंही होतं.

६

राहता राहिला एकच उपाय, आणि तो मी करायला नको होता. रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला म्हटलं, "त्याला फोन करू नकोस. उचलत नाही तर कशाला?"

ती ताट उचलत होती. ते तिने परत खाली ठेवलं.

"तुला काय माहीत, उचलत नाही म्हणून?"

"अगं, नळ सुरू असला तरी..."

"तू दाराशी उभी राहतेस?"

टॉवेल द्यायला आले होते म्हणू, की हे ऐकतायत म्हणू? माझी मान खाली गेली. "मला वाटलं, दाराआडून ऐकणं बाबांचं होतं," एवढंच म्हणाली.

मग तिनेच विषय बदलला. तिचा स्वभाव तसा, दुसऱ्याला फार वेळ अवघडू देत नाही. म्हणाली, "परवा शाळेत मुलाखत आहे. चौकातल्याच. मिळाली नोकरी तर इथेच राहीन म्हणते. तुला जड नाही ना होणार मी?"

चौकातली शाळा म्हणजे मागची गल्ली चालणार नाही. पुढच्या जिन्याने उतरायचं, इस्त्रीवाला, औषधांचं दुकान, बाक, सगळ्यांच्या समोरून जायचं. शाळेतल्या बाई रोज तिथूनच जातात. शिपाई डबा तिथेच बसून खातो. गाव तिच्याकडे बघून ओठ दाबील आणि तिला क्षणात कळेल, कारण हे तिने एकदा बघितलंय. ती पुन्हा बॅगा भरेल. आणि या वेळी जायला तिला दुसरं घर नाही.

"जड कसली," मी म्हटलं. "माझ्याजवळ राहा."

७

मुलाखतीच्या दिवशी ती आंघोळ करून साडी नेसायला लागली, तशी मी खाली उतरले. उन्हं नुकतीच चौकात आली होती. दुकानं उघडत होती. मी सरळ बाकाशी गेले आणि बसले. जागा माझ्यापुरतीच होती. त्यांचा दंड माझ्या दंडाला लागला, गार.

इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, "ऐकताय ना? मग ऐका. माझं हवं ते सांगा. मी न्हाताना गाते ते सांगा, घोरते ते सांगा, तुम्ही गेल्यावर पहिले आठ दिवस मी पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपले तेही सांगा. पोरीचं नका सांगू. तिला राहू दे इथे." बोलता बोलता मला रडू यायला लागलं. जन्मात यांच्यापुढे मी इतकी गयावया केली नव्हती.

काही झालं नाही. शटर वर गेलं. सायकल गेली. भुतासमोर नव्हे, निर्जीव ब्राँझसमोर रडत बसलेय, असं मनात आलं आणि मी उठायला म्हणून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मला आठवलं.

कानाने काही ऐकू आलं नाही. देवाशप्पथ सांगते, आवाज नव्हताच. एखादी गंमत आपल्याला आपोआप आठवते तसं ते आलं. आधी घसा खाकरणं आलं. मग ते थांबणं, ज्यात लोक खुर्चीत सावरून बसायचे. आज आमच्या घरी काय झालं माहितीये?

आमची लेक आरशासमोर उभी आहे. पिन दातांत धरलीय. मुलाखत चाललीय. प्रश्न मुख्याध्यापकबाई विचारतायत, म्हणजे हीच विचारतेय, नाकातून. घरी कोण कोण असतं तुमच्या? मी आणि आई, ही म्हणते. आणि मिस्टर? मिस्टर बाहेरगावी असतात. कुठल्या गावी? आता आली का पंचाईत. प्रश्न हिचाच, उत्तर हिचंच, आणि गाव ठरवलेलं नाही. बाई चष्म्यावरून बघतात. ही म्हणते, फिरतीची नोकरी आहे. बाई म्हणतात, मग फोन तरी उचलतात का? ही रागावते. हा प्रश्न मुलाखतीत विचारतात का, म्हणते. बाई म्हणतात, तुम्ही जाऊ शकता. आणि ही जाते हो. आपल्याच घरात, आपल्याच आरशासमोरून, नमस्कार करून बाहेर जाते. स्वतः घेतलेल्या मुलाखतीत पोरगी नापास.

मी हसले.

थांबवायला गेले तर आणखी आलं. पोटातून आलं, डोळ्यांतून पाणी काढत आलं. ती नाकातून बोलणारी बाई मला अगदी दिसत होती. एका बाजूला माझ्या पोरीसाठी जीव तुटत होता आणि त्याच जिवातून हसू फुटत होतं. मी तोंडावर हात दाबला. समोर औषधांच्या दुकानाच्या काचेत बाक दिसत होता. बाकावर एक म्हातारी कान देऊन कललेली, आणि तिच्याकडे झुकलेला माणूस. त्याचा हात कानामागे नव्हता. तोंडाच्या कडेला होता, कोणाच्या कानात काही सांगताना आपण आडोशाला धरतो तसा. दुकानदाराने दार ढकललं आणि काच हलली. मी वळून बघितलं तेव्हा हात कानामागेच होता. ओठ मात्र ओले असावेत असे चकाकत होते.

ऊठ, असं मी स्वतःला म्हटलं. पण पुढचं यायला लागलं होतं.

मग ती पुन्हा आरशासमोर येते. नापास तर नापास, म्हणते. पिन लावते. आई कुठे गेली बघते, नमस्कार करायचाय. स्वयंपाकघरात नाही. बाथरूममध्ये नाही. खिडकीतून बघते. पुढच्या जिन्याने उतरते, इतक्या दिवसांनी. कठड्याला धरून, हळूहळू. म्हणते, आईच तर आहे खाली, तिला काय भ्यायचं.

"आई," लेक म्हणाली.

ती समोर उभी होती. इस्त्रीची साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून बघत होता. चौक झाडणारी बाई थांबली होती. लेकीने यांच्याकडे बघितलं, यांच्या कानामागच्या हाताकडे, मग वर आमच्या खिडकीकडे, मग माझ्याकडे. माझे गाल ओले होते आणि तोंड मिटत नव्हतं. तिचा चेहरा शाळेत होती तेव्हासारखा झाला.

"माझं सांगतायत का?" तिने हळू आवाजात विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला सगळं कळत होतं. पण तेवढ्यात पुढचं आलं: आणि खाली येऊन बघते तर काय, आणि त्यानंतर ते मोठं थांबणं, ज्यात अख्खं नाट्यगृह श्वास धरून बसायचं.

मी लेकीकडे बघून हात वर केला. जरा थांब, एवढं ऐकू दे.